बिल समजून घ्यायचंय: पंधरा युनिट जास्त जळले आणि विजेचं बिल दुपटीहून वर? (गॅसच्या बिलाचं पण विचारायचंय)

सुदामानगरची_गच्ची

नमस्कार मंडळी. इंदूरच्या घरात आम्ही दोघंच, मुलगा बेंगळुरूला. एसी नाही, कूलर आहे. मागच्या महिन्याचं विजेचं बिल 148 युनिटचं, पाचशेच्या आसपास आलं. या वेळी 163 युनिट, आणि आकडा बाराशेच्या वर! पंधरा युनिटचे सातशे रुपये? हे म्हणतात मीटर पळतंय, स्मार्ट मीटर लागल्यापासून असंच होऊन राहिलंय. शेजारच्या भाभी म्हणाल्या, सब्सिडी गेली. सब्सिडी गेली म्हणजे नक्की कुठे गेली?

दुसरं म्हणजे, दिवाळीनंतर आमच्या गल्लीत पाइपचा गॅस आला. त्याचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यावर एससीएम असं काहीतरी लिहिलेलं असतं. सिलिंडर किती दिवस पुरलं हे कळत होतं, हे काहीच कळत नाही. कोणी ओळीओळीने समजावून देईल का? बिलातले शब्द हिंदी आहेत तसेच वापरले तरी चालेल.

---

पोहे_शेव_जीरावण

ताई, मीटरला दोष देण्याआधी बिलावर दोन तारखा बघा. मागचं रीडिंग आणि आताचं रीडिंग, मध्ये किती दिवस?

---

सुदामानगरची_गच्ची

31 दिवस. मागच्या वेळी 30.

---

निवृत्त_लाइनवाला

मग भाभी बरोबर बोलल्या.

मी पस्तीस वर्षं वितरणाच्या कामात काढली, आता लोकमान्य नगरात नातवंडं सांभाळतो. सावकाश सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की दर महिन्याला भांडावं लागत नाही.

आपल्या मध्य प्रदेशात घरगुती बिलाला एक कडा आहे. अटल गृह ज्योती योजना, जी 2019 मध्ये इंदिरा गृह ज्योती या नावाने सुरू झाली होती. तिचा नियम असा: महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत असेल तर पहिल्या 100 युनिटचे फक्त 100 रुपये, वरच्या 50 चे नेहमीच्या दराने. पण 150 च्या पुढे गेलात की सगळी सवलत जाते. फक्त वरच्या युनिटांची नाही, पहिल्या शंभराचीसुद्धा.

आणि हे 150 म्हणजे कॅलेंडरचा महिना नव्हे. रोजचे 5 युनिट, गुणिले रीडिंगचे दिवस. 30 दिवसांचं बिल असेल तर 150, 31 चं असेल तर 155, 28 चं असेल तर 140. तुमचे 31 दिवस, म्हणजे मर्यादा 155. तुम्ही 163. आठ युनिटने बाहेर.

आता आकडे. माझ्याकडे 2024-25 चं दरपत्रक छापलेलं आहे म्हणून त्यावरून करतो. 2025-26 मध्ये वीज नियामक आयोगाने सरासरी 3.46 टक्के वाढ दिली, त्यामुळे तुमच्या बिलात पैसे थोडे वेगळे दिसतील, रीत तीच.

पहिले 50 युनिट 4.27 ने
51 ते 150 पर्यंत 5.23 ने
151 ते 300 पर्यंत 6.61 ने
त्यावर 6.80

तुमचे 148 युनिट: सवलतीत पहिले शंभर 100 रुपयांत, उरलेले 48 गुणिले 5.23, म्हणजे 251.04. झाले 351. त्यावर नियत प्रभार आणि विद्युत शुल्क धरून पाचशेच्या जवळ.

तुमचे 163: 50 चे 213.50, पुढच्या 100 चे 523, वरच्या 13 चे 85.93. झाले 822.43, नुसता ऊर्जा प्रभार, म्हणजे युनिटांचे पैसे. यात कुठेही चोरी नाही आणि मीटरही पळालेलं नाही. सवलत काढून घेतली एवढंच.

---

पोहे_शेव_जीरावण

काका, 822 झाले, ताईंचं बाराशेच्या वर आहे. बाकीचे कुठे गेले?

---

निवृत्त_लाइनवाला

त्यावरच येत होतो, नातू मांडीवर येऊन बसला.

बिलात 'नियत प्रभार' अशी ओळ असते. नियत म्हणजे ठरलेला, म्हणून लोकांना वाटतं तो दर महिन्याला सारखाच असणार. 150 युनिटपर्यंत तसंच आहे, कनेक्शनमागे एक ठरावीक रक्कम. पण 150 ओलांडले की तो वापरावर चालतो. दर 15 युनिटला, किंवा त्याच्या अपूर्ण भागाला, 0.1 किलोवॉट भार धरतात आणि प्रत्येक 0.1 ला पंचवीस ते तीसच्या मधले रुपये लावतात. आयोगाच्या आदेशातच उदाहरण दिलंय: 350 युनिट वापरले तर 2.4 किलोवॉट धरायचा. 350 ला 15 ने भागा, 23 आणि थोडं, म्हणून 24.

ताईंचे 163 भागिले 15, दहा आणि थोडं, म्हणून 11. अकरा गुणिले सत्तावीस धरा, 297. मग विद्युत शुल्क, शंभर युनिटच्या वर 12 टक्के, ते अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव. 822, 297 आणि 98 मिळून 1217. त्यावर ईंधन प्रभार, जो टक्केवारीत येतो आणि महिन्याला बदलतो. झाले बाराशेच्या वर.

---

भंवरकुआँ_तिसरा_मजला

म्हणजे 'फिक्स्ड चार्ज' फिक्स्डच नाही! भिया, हे तर कमाल आहे.

---

वाड्यातली_सून

मी यावरून एक गोष्ट काढली, चुकत असेन तर काका सांगा. दर 15 युनिटला सत्तावीस रुपये, म्हणजे युनिटमागे 1.80. मग 151 ते 300 मधल्या युनिटचा खरा भाव 6.61 नाही, 6.61 अधिक 1.80, म्हणजे 8.41. आणि 6.61 वर 12 टक्के शुल्क, 79 पैसे. सव्वानऊच्या जवळ गेला की हो! बिलावर मात्र कुठेही सव्वानऊ लिहिलेलं नसतं.

---

निवृत्त_लाइनवाला

अगदी बरोबर. नोकरीत असताना आमच्यातल्या अर्ध्या लोकांना हे गणित मांडता यायचं नाही. एसी लावायचा की नाही याचा विचार करताना याच भावाने करा, सरासरीने नको. लोक बिलाची रक्कम भागिले युनिट करतात आणि म्हणतात सात रुपये पडतं. पण शेवटचं युनिट सातने पडत नाही.

---

पुण्यात_पण_मूळ_तिळकनगर

इंदूरकर सुखी आहेत, एवढंच म्हणतो. आमच्याकडे महावितरणच्या बिलात वीज आकार वेगळा, वहन आकार वेगळा, इंधन समायोजन वेगळं, मग त्यावर 16 टक्के शुल्क. आणि तुमच्यासारखं शंभर रुपयांत शंभर युनिट कोणी देत नाही.

---

पोहे_शेव_जीरावण

दादा, पुण्याला गेलात तर हे होणारच. सराफ्यात भुट्ट्याचा कीस तरी मिळतोय का तिकडे?

---

पुण्यात_पण_मूळ_तिळकनगर

जखमेवर जीरावण टाकू नका.

---

भंवरकुआँ_तिसरा_मजला

माझा प्रश्न वेगळा आहे. मी कोचिंगसाठी भाड्याने राहतो. घरमालक सबमीटर लावून युनिटला सरसकट 10 रुपये घेतात. आम्ही चार खोल्यांत सात मुलं. ते म्हणतात, सब्सिडी आम्हालाच मिळत नाही तर तुम्हाला कुठून देऊ. खरं आहे का?

---

निवृत्त_लाइनवाला

अर्धं खरं. सवलत कनेक्शनला आहे, माणसाला किंवा खोलीला नाही. सात मुलांचे युनिट एका मीटरवर जमले की 150 पहिल्या दहा दिवसांतच संपतात. त्यामुळे त्यांना सवलत मिळत नसणार हे खरं. पण 10 कुठून आले ते विचार. बिलाची फोटो प्रत मागून घे, एकूण रक्कम भागिले एकूण युनिट कर. जो भाव निघेल तो आणि 10 यांच्यात जो फरक, तो मालकाचा. भांडायला नको सांगतोय, नुसतं माहीत असावं. पुढच्या भाडेचिठ्ठीत लिहून घेता येतं.

---

भंवरकुआँ_तिसरा_मजला

फोटो मागितली. म्हणाले, बघतो.

---

वाड्यातली_सून

आमच्याकडचा किस्सा सांगते, कारण सगळ्याच वेळी सवलतीचं गणित नसतं. राजवाड्यामागे जुना वाडा आहे. खाली दीर, वर आम्ही, मागच्या बाजूला भाडेकरू. तीन मीटर. आमचं बिल काही महिने विनाकारण वाढत होतं. तक्रार केली, माणूस आला, मीटर बरोबर म्हणून सांगून गेला. शेवटी एका ओळखीच्या वायरमनने मीटरवरचा बारीकसा लाल दिवा दाखवला, ज्यावर ई आणि एल अक्षरं होती. तो सतत पेटलेला. म्हणाला, न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाते ती तार, मिसळलाय. भाडेकरूंच्या खोलीत कोणीतरी फेज त्यांच्या मीटरचा आणि न्यूट्रल आमचा जोडला होता.

---

निवृत्त_लाइनवाला

हे जुन्या घरांत फार होतं आणि कोणी बघत नाही. आपल्याकडचं सिंगल फेज मीटर चोरी पकडण्यासाठी असं बनवलेलं असतं की ते फेजमधला प्रवाह आणि न्यूट्रलमधला प्रवाह दोन्ही मोजतं, आणि जो जास्त असेल त्याने युनिट धरतं. दोन्ही सारखे नसतील तर तो दिवा लागतो. आता भाडेकरूचा प्रवाह जाताना त्यांच्या मीटरच्या फेजमधून गेला आणि परतताना तुमच्या न्यूट्रलमधून आला. त्यांच्या मीटरने फेजवरून मोजलं, तुमच्या मीटरने न्यूट्रलवरून. एकाच पंख्याचे युनिट दोन मीटरवर चढले. मीटर तपासणाऱ्याने 'मीटर बरोबर' म्हटलं त्यात तोही खोटं बोलला नाही, मीटर बरोबरच होतं.

कोणाला आपलं मीटर तपासायचं असेल तर: मेन बंद करा, लुकलुकणारा दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही तर तुमच्या मेनच्या आधीच कुठेतरी जोड आहे. मग मेन चालू करून बाकी सगळं बंद ठेवा आणि एक हजार वॉटची इस्त्री सहा मिनिटं सलग तापती ठेवा. 0.1 युनिट व्हायला हवा. मीटरवर '3200 इम्प' (युनिटमागे 3200 वेळा लुकलुक) असं लिहिलेलं असेल तर तो दिवा साधारण 320 वेळा लुकलुकेल. इस्त्री मध्येच आपोआप बंद होते, म्हणून पाणी तापवायचा रॉड जास्त बरा. रॉड बादलीतल्या पाण्यात बुडवूनच लावा आणि चालू असताना पाण्यात हात घालू नका.

---

सुदामानगरची_गच्ची

यांनी काल रात्रीच मेन बंद करून बघितलं. दिवा थांबला. आता मीटरबद्दल बोलत नाहीयेत. पण मग 163 झालेच कसे? आमचं तर काही बदललं नाही.

---

पोहे_शेव_जीरावण

कूलर सुरू झाला ना? कूलरचा पंखा आणि पंप मिळून दीड-दोनशे वॉट धरा. रात्रीचे आठ तास, दीड युनिट. महिन्याचे पंचेचाळीस होतात. तुम्ही आठ-दहा दिवसच लावला असेल म्हणून पंधरा.

---

सुदामानगरची_गच्ची

बरोबर, रंगपंचमीनंतर लावायला घेतला. गेरच्या मिरवणुकीची गर्दी बघून आलो आणि त्याच रात्री हे म्हणाले, कूलर काढ.

---

निवृत्त_लाइनवाला

मग तुमच्यासाठी एकच काम. रोज सकाळी नाही, पण आठवड्यातून एकदा मीटरचा आकडा लिहून ठेवा. मागच्या बिलाच्या रीडिंगपासून किती झाले त्याला दिवसांनी भागा. भागाकार पाचच्या खाली आहे तोवर निवांत. पाचवर जायला लागला की शेवटच्या आठवड्यात कूलर तास-दोन तास कमी करा, गीझर बंद ठेवा. हे शेवटचे आठ-दहा युनिट वाचवणं फार मोलाचं. 30 दिवसांच्या बिलात 150 वर थांबलात तर ऊर्जा प्रभार 361.50. 151 वर गेलात तर 743.11. एका युनिटने 381 रुपये, शिवाय नियत प्रभार वाढला तो वेगळा. इतकं महाग युनिट अख्ख्या दरपत्रकात दुसरं नाही.

आणि उलटंही लक्षात ठेवा. मे महिन्यात 240 होणारच असतील तर उगाच घामाघूम होऊन 225 वर आणण्यात एकशे चाळीसच्या आसपास रुपयेच वाचतात. बीपीवाल्या माणसांनी त्यासाठी कूलर बंद ठेवू नये. मला हे आमच्या घरातही सांगावं लागतं.

---

राऊचा_रस्ता

स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसाची सवलत पण आहे ना? सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मध्ये वापरलेल्या युनिटवर 20 टक्के. बिलात वेगळी ओळ येते. आम्ही बोअरची मोटर आणि वॉशिंग मशीन दुपारीच चालवतो.

---

निवृत्त_लाइनवाला

हो, 10 किलोवॉटपर्यंतच्या घरगुती कनेक्शनला. मोटर दुपारी चालवा, पण एक लक्षात असू द्या: सवलत दरात आहे, युनिट तेवढेच मोजले जातात. पाच युनिटच्या कडेला त्याने फरक पडत नाही.

---

पुण्यात_पण_मूळ_तिळकनगर

एक शंका. घर दोन महिने बंद होतं आणि रीडिंग झालं नाही, मग एकदम तीनशे युनिट आले तर स्लॅब वरचा लागतो का? आईबाबा माझ्याकडे येऊन राहतात तेव्हा असं होतं.

---

निवृत्त_लाइनवाला

दिवसांनी भागून धरायला हवं. साठ दिवसांचे तीनशे म्हणजे रोजचे पाच, सवलत बसते. बिलावर 'आकलित खपत' असं लिहिलं असेल तर ते अंदाजाने काढलेलं आहे, पुढच्या खऱ्या रीडिंगला वळतं होतं. वळतं झालं नाही तर 1912 वर तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या. त्यानेही झालं नाही तर पोलोग्राउंडला वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज. आणि मग उपभोक्ता शिकायत निवारण फोरम. तोंडी भांडणाचा उपयोग नसतो, समोरच्या खिडकीतल्या मुलाच्या हातात काही नसतं.

---

वाड्यातली_सून

गॅसचं राहिलं. ताईंनी विचारलं होतं. आमच्या माहेरी स्कीम 78 या वसाहतीत पाइप आहे, वडील फार्मा कंपनीत बॉयलर बघायचे, त्यांच्याकडून विचारून लिहिते.

गॅसच्या बिलात स्लॅबचा गोंधळ नसतो, तो दिलासा. वापर गुणिले दर, त्यावर व्हॅट. नैसर्गिक वायू अजून जीएसटीत नाही, म्हणून राज्याचा व्हॅट लागतो. सिलिंडरवर मात्र 5 टक्के जीएसटी असतो. मीटरवरचे काळे आकडे घन मीटर दाखवतात, लाल आकडे दशांश. रीडिंग पाठवताना लाल सोडून द्यायचे. लाल धरून पाठवलं तर वापर हजारांत दिसेल.

एससीएम म्हणजे प्रमाणित घन मीटर, 15 अंश तापमान आणि समुद्रसपाटीच्या दाबाला मोजलेला. इथे वडिलांनी जी गंमत सांगितली ती मला फार आवडली. आपलं इंदूर माळव्याच्या पठारावर, साडेपाचशे मीटर उंच. इथे हवेचा दाब साधारण 950 मिलिबार, समुद्रकाठी 1013. घरात गॅस येतो तो त्यावर आणखी 21 मिलिबार दाबाने. म्हणजे एकूण 970 च्या आसपास. त्यामुळे आपल्या मीटरमधून गेलेल्या एका घन मीटरमध्ये प्रमाणित 0.96 च्या आसपासच गॅस असतो. आणि उन्हाळ्यात 40 अंशाला तो आणखी फुगतो, आठ टक्क्यांच्या वर. मीटर गॅस किती फुगलाय ते बघत नाही, आकारमान मोजतं.

---

पोहे_शेव_जीरावण

म्हणजे इथेपण लूट?

---

वाड्यातली_सून

मी लूट म्हटलं नाही. पाइप जमिनीखालून येतो, मीटरपाशी गॅस 40 अंशाचा असेलच असं नाही. आणि बिलात दुरुस्तीचा गुणक लावलेला असू शकतो. बिलावर मीटरच्या दोन रीडिंगमधला फरक आणि 'एससीएम' हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सारखेच असतील तर गुणक 1 आहे, वेगळे असतील तर किती लावलाय ते भागून कळेल.

---

सुदामानगरची_गच्ची

बिल काढून बसले. फरक 22, एससीएम पण 22. मग सिलिंडरपेक्षा स्वस्त की महाग?

---

वाड्यातली_सून

14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये जितकी उष्णता असते तितकी पाइपच्या साधारण 18 एससीएममध्ये. सिलिंडर ज्या भावाने घेत होतात त्याला 18 ने भागा. तो आकडा तुमच्या बिलातल्या दराहून, व्हॅट धरून, जास्त आला तर पाइप स्वस्त. बरोबरीने आला तरी मी पाइपच घेईन, भाऊबीजेच्या सकाळी चिरोटे तळताना सिलिंडर संपत नाही.

आणि 22 एससीएम म्हणजे दोन महिन्यांत सव्वा सिलिंडर. दोघांसाठी ठीकच आहे.

---

राऊचा_रस्ता

गॅसचा दर सारखा बदलतो, तो कोण ठरवतं? विजेसारखा आयोग आहे का?

---

निवृत्त_लाइनवाला

विजेचा दर भोपाळचा नियामक आयोग ठरवतो, वर्षाला, जनसुनावणी घेऊन. सवलत सरकार देतं आणि तेवढे पैसे कंपनीला भरतं, म्हणून बिलात सब्सिडीची ओळ वेगळी आणि उणे दाखवतात. गॅसचं तसं नाही. घरगुती पाइपच्या गॅसचा किरकोळ दर कंपनी ठरवते. पण तिला मिळणाऱ्या देशी गॅसचा भाव दिल्लीहून ठरतो. एप्रिल 2023 पासून तो कच्च्या तेलाच्या भारतीय सरासरी भावाच्या 10 टक्के धरतात, वर कमाल मर्यादा. तेव्हा साडेसहा डॉलर होती.

---

भंवरकुआँ_तिसरा_मजला

घरमालकांनी बिलाची फोटो पाठवली! 612 युनिट, 31 दिवस. एकूण भागिले युनिट केलं, नऊच्या खाली आलं.

---

निवृत्त_लाइनवाला

मग भाडेचिठ्ठीची तारीख बघ कधी आहे.

---

सुदामानगरची_गच्ची

मीटरपाशी खडूने लिहून ठेवलंय: दिवस 9, युनिट 47. भागाकार 5.2. काका, कूलर बंद करू का?

---

निवृत्त_लाइनवाला

आत्ता नको. गीझर आहे का चालू?

---

सुदामानगरची_गच्ची

यांच्या आंघोळीला असतो. उन्हाळ्यात पण.

---

पोहे_शेव_जीरावण

मग तुमच्या ह्यांचं गीझर, तुमचा कूलर. तुम्हीच ठरवा घरात बसून.